चाल संगीतकाराची, मग गोव्याच्या वादकांनी केलं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'नाचुंया कुंपासार' हा कोकणी चित्रपट पाहिला, फार आवडला. पण त्यावर बोलताना जो तो सांगतो की हिंदी चित्रपटसंगीत खरं म्हणजे गोव्याच्या लोकांनीच घडवलं. यात तथ्य किती? चाल संगीतकाराची असेल तर या मंडळींनी नेमकं काय केलं, आणि मग त्यांची नावं कुणाला ठाऊक का नाहीत? शिवाय चिराबाजारच्या घरी, शेजारच्या बिऱ्हाडातल्या एका दिवंगत व्हायोलिनवादकाचे नोटेशनचे कागद ट्रंकभर येऊन पडलेत. त्यांचं काय करायचं?

मी व्हायोलिन वाजवत या धंद्यात आलो आणि पुढे बरीच वर्षं संयोजकांच्या, म्हणजे चालीभोवती वाद्यवृंद लिहिणाऱ्यांच्या, हाताखाली पार्ट (एकेका वाद्याच्या नोटेशनचे कागद) उतरवून देण्याचं काम केलं. तेव्हा जे सांगतो ते वाजवणाऱ्यांच्या खुर्च्यांमधून दिसलेलं आहे.

'हिंदी चित्रपटसंगीत गोव्यानं घडवलं' हे वाक्य मला खटकतं, आणि 'ते काय, नुसते वाजवणारे' हेही तितकंच खटकतं. चाली त्यांच्या नव्हत्या. नौशाद, सी. रामचंद्र, शंकर-जयकिशन, सलील चौधरी यांच्या चाली त्यांच्याच डोक्यातून आल्या, यात वाद नको. पण चाल म्हणजे रेकॉर्डवर ऐकू येणारं गाणं नव्हे. चाल आणि रेकॉर्ड यांच्या मधलं काम गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी फार मोठ्या प्रमाणावर केलं, आणि श्रेय देण्याच्या आपल्या पद्धतीत नेमका त्याच कामाला रकाना नाही.

आता चित्रपटाबद्दल. बार्द्रॉय बार्रेटो यांचं दिग्दर्शन, विजय मौर्य आणि पालोमी घोष मुख्य भूमिकांत. बासष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपट ठरला, अपर्णा रैना यांना प्रॉडक्शन डिझाइनसाठी पुरस्कार आणि पालोमी घोष यांना विशेष उल्लेख मिळाला. पडद्यावरचे लॉरी आणि डोना हे कल्पित आहेत, पण त्यांच्यामागे कोकणी गाण्यांचे संगीतकार ख्रिस पेरी आणि त्यांची गाणी गाणाऱ्या लॉर्ना उभे आहेत हे गोव्यात कुणाला सांगावं लागत नाही. जुनी कोकणी गाणी कथेत ओवलेली आहेत, आणि संगीताची बाजू रॉनी मोंसेरात यांनी सांभाळली आहे. लॉर्ना १९९५ मध्ये बऱ्याच वर्षांच्या मौनानंतर पुन्हा गायला लागल्या, तेव्हाही सोबत हेच होते. त्यामुळे चित्रपटातले ब्रासचे (ट्रंपेटसारख्या पितळी वाद्यांचे) आवाज 'जुन्यासारखे' वाटत नाहीत, ते तिथलेच वाटतात.

चित्रपट जे जग दाखवतो ते क्लबचं आणि कोकणी रेकॉर्डचं आहे. चर्चगेटच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलातला व्हेनिस हा क्लब, तिथे रात्री वाजणारा जॅझ, आणि त्याच वादकांनी दिवसा केलेली कोकणी गाणी. 'बेब्दो' ऐका. दारुड्यावरचं गाणं आहे, तियात्रातही (कोकणी संगीतनाटकातही) शोभलं असतं. पण लॉर्नाची ओळ संपते न संपते तोच ट्रंपेट आणि सॅक्सोफोन एकत्र उत्तर देतात, आणि ती पुढची ओळ ठेक्याच्या किंचित मागे राहून उचलते. हे जॅझमध्ये मुरलेल्या गायिकेचं अंग आहे. ख्रिस पेरींनी मडगावच्या बोर्ड्याची बोली आणि मुंबईच्या हॉटेलांचा स्विंग एका गाण्यात बसवला, तोही कुठे सांधा न दाखवता.

स्टुडिओचं जग मात्र चित्रपटाच्या चौकटीबाहेरच राहिलं आहे. दिग्दर्शकाचा तो दोष नाही. दोन अडीच तासांत एकच गोष्ट नीट सांगता येते. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दुसऱ्या जगात आहे.

गोव्याचे हे वादक मुळात नोटेशन वाचायला कुठे शिकले? चर्चच्या शाळेत. पोर्तुगीज अमलात गोव्यात गावोगाव चर्चला जोडलेली संगीतशाळा असे. मूल सात-आठ वर्षांचं झालं की सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, घोकायचं, मग व्हायोलिन हातात, रविवारी प्रार्थनेत वाजवायचं. नोटेशन वाचता येणं ही तिथे खास कला नव्हती, साक्षरतेचाच भाग होता. पोटापाण्यासाठी ही पोरं ब्रिटिश हिंदुस्थानात पसरली: संस्थानिकांचे बँड, लष्करी बँड, हॉटेलं, मूकपटांच्या थिएटरातले वादक. मुंबईत ती धोबीतलाव, माझगाव, कॅवेल भागात गावागावांच्या 'कुडां'त, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, उतरायची. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, पडदा बोलू लागला आणि थिएटरातलं काम बुडालं. पण त्याच बोलपटांना स्टुडिओत वाजवणारे हवे होते. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं मुंबईतल्या हॉटेलांच्या रात्री पातळ केल्या आणि आणखी माणसं स्टुडिओकडे वळली.

आता काम काय होतं ते. सिटिंगमध्ये, म्हणजे चाल बांधायच्या बैठकीत, संगीतकार पेटीवर मुखडा आणि अंतरा गातो. पेटीवर एका वेळी एक सुरावट. खाली काय, वर काय, मधल्या म्युझिकमध्ये काय, हे अजून कुठेच नाही. संयोजक समोर बसून ते कागदावर घेतो आणि घरी जाऊन उभं करतो.

भैरवीचं उदाहरण घेऊ, कारण शंकर-जयकिशनना भैरवी फार प्रिय होती. भैरवीत रे, ग, ध, नी चारही कोमल. पाश्चात्त्य पद्धतीत घरी परतायचा ठरलेला रस्ता म्हणजे पंचमावरची मेजर कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर) आणि मग षड्ज. पण त्या कॉर्डमध्ये शुद्ध निषाद लागतो. तो लावला की भैरवी गेली. बरं, रागाचेच स्वर धरून पंचमावर कॉर्ड बांधायला जावं तर पंचम, कोमल निषाद आणि कोमल रिषभ एकत्र येतात. ती डिमिनिश्ड कॉर्ड अधांतरी लटकते, कुठे टेकत नाही. मग काय करायचं? कोमल रिषभावर मेजर कॉर्ड बांधायची: कोमल रे, मध्यम, कोमल धैवत. तिन्ही स्वर रागातले, आवाज भरदार, आणि तिथून षड्जाच्या मायनर कॉर्डवर उतरलं की ऐकणाऱ्याला घरी आल्यासारखं वाटतं. हे कुठल्या चर्चच्या शाळेत शिकवत नव्हते, आणि कुठल्या घराण्यातही नाही. स्टुडिओत, घड्याळ चालू असताना, लोकांनी ते शोधून काढलं.

दुसरी गोष्ट काउंटर मेलडीची. गायकाच्या मागे व्हायोलिन आणि चेलो जी वेगळी सुरावट वाजवतात ती. नियम ऐकायला सोपा: गळा थांबला की तंतुवाद्यांनी चालायचं, गळा चालला की थांबायचं, गळा वर चढला तर चेलो खाली. पण लता मंगेशकर 'आजा सनम' म्हणत असताना मागे अशी सुरावट लिहायची की ती स्वतंत्रपणे गुणगुणता येईल आणि तरी गाण्याला धक्का लागणार नाही, हे सोपं नाही. 'चोरी चोरी' (१९५६) हेडफोन लावून ऐका आणि एकदा मुद्दाम गायकांकडे दुर्लक्ष करा. रेइश मागुशचे सेबॅस्टियन डिसोझा यांचं हे हुकमी काम. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात ते स्वतःचा बँड चालवत होते, नंतर मुंबईत आले आणि शंकर-जयकिशनकडे वीसेक वर्षं राहिले. श्रेयनामावलीत ओळ काय? 'सहायक: दत्ताराम, सेबॅस्टियन'. तालाची बाजू दत्ताराम वाडकरांची, वाद्यवृंदाची लेखणी सेबॅस्टियनची, आणि 'सहायक' या एका शब्दात दोन्ही गुंडाळलेलं.

तिसरी, जिला कुणी कौतुक म्हणून मोजत नाही. रेकॉर्डिंगच्या सकाळी गायक म्हणतो, आज गळा जरा मोकळा आहे, अर्धा सूर वर घेऊ. पेटीवाला पट्टी बदलतो, पांढरी एकवरून काळी एक, झालं. पण ट्रंपेटचा कागद मुळातच एक सूर वर लिहिलेला असतो, आल्टो सॅक्सोफोनचा आणखी वेगळा. दोन शार्पची पट्टी होती तिथे ट्रंपेटवाल्याला तीन फ्लॅट दिसायला हवेत, व्हायोलिनवाल्याला तर पाच. नवीन कागद लिहायला वेळ नाही. मंडळी जुन्याच कागदावर नजर ठेवून, मनातल्या मनात सरकवून वाजवायची, आणि दुसऱ्या तालमीला टेक. एकच ट्रॅक, सगळे एकाच वेळी. तिसाव्या खुर्चीवरचा चुकला तर पहिल्यापासून. बासरी, सतारवाले तोच बदल देवनागरी सरगमच्या वहीत आणि स्मरणातून करायचे. एका हॉलमध्ये संगीत लिहिण्याच्या दोन परंपरा शेजारी बसलेल्या, आणि संयोजक दोन्हींशी बोलणारा.

नावं बरीच आहेत, पण यादी देत नाही, यादीनं कुणी लक्षात राहत नाही. एकच गाणं पाहा: 'अलबेला' (१९५१) मधलं 'दीवाना ये परवाना'. भगवानदादा नाचताहेत आणि मागे झालरीच्या बाह्यांचे शर्ट घातलेला बँड. तो नटांचा नाही, खरा आहे. ट्रंपेटवर हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले गेलेले. संगीतकार आपले चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, पुणतांब्याचे. याच चित्रपटातल्या 'शोला जो भडके'तले बाँगो आणि ट्रंपेट आजही कुठल्याही वरातीत लोकांना उठवतात. चितळकरांना परदेशी ठेका आवडायचा आणि तो मराठी-हिंदी गळ्यात कसा बसवायचा हे त्यांना उमगायचं. चिकना तो ठेका पोटातून माहीत होता. यात कोण कुणाचा सहायक हे ठरवत बसणं मला व्यर्थ वाटतं. दोघांपैकी एक नसता तर ते गाणं झालं नसतं.

कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हा आणखी निराळा माणूस. ट्रंपेट आणि व्हायोलिन दोन्ही वाजवायचे, स्टुडिओत संयोजन करायचे, आणि कमावलेला पैसा घालून त्यांनी कोकणी चित्रपट काढले: 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६). दुसऱ्याचा पुढे हिंदीत 'तकदीर' झाला. आज 'नाचुंया कुंपासार'ला मिळणारं कौतुक पाहताना मला आधी फर्नांड आठवतात.

इथे मराठी वाचकांना एक टोचणारी गोष्ट सांगायलाच हवी. गोव्याचं संगीत म्हटलं की आपण लगेच दीनानाथ, केसरबाई, मोगूबाई, अभिषेकीबुवा म्हणतो. मंगेशी, केरी, कुर्डी ही गावं आपल्याला पाठ आहेत. माजोर्डा, हळदोणा, रेइश मागुश यांचं नाव घेतलं की फार तर किनारे आणि चर्च आठवतात. एकाच एवढ्याशा प्रदेशातून, थोड्याफार फरकानं एकाच काळात, दोन संगीतपरंपरा मुंबईत आल्या; एकीला आपण घरच्या म्हटलं आणि दुसरीला 'बँडवाले'. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांना ही फाळणी मान्य नव्हती. हिंदुस्तानी राग पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहायचा ध्यास त्यांनी घेतला होता. सारंगातला कॉन्चेर्टो, 'सोनातिना इंडियाना' अशी त्यांची कामं. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, शंभरावर वादक, सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात, आणि गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. मंगेशीची लेक आणि माजोर्ड्याचा व्हायोलिनवादक एका मंचावर. त्या मैफिलीविषयी मराठीत किती लिहिलं गेलं? प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे शिष्य. १९६५ च्या सुमाराला ते अमेरिकेत गेले, परतल्यावर पुन्हा चित्रपटात रमले नाहीत, आणि १९७७ मध्ये शिष्यानं, म्हणजे प्यारेलाल यांनी, 'अमर अकबर अँथनी'तल्या 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' या गाण्यात त्यांचं नाव घातलं. सगळा देश ते नाव नाचत गातो, पण ते खऱ्या माणसाचं आहे हे कित्येकांना त्यांच्या निधनाच्या बातमीतून, २०१२ साली कळलं. त्यांच्यावरचा माहितीपट मात्र एका मराठी समीक्षकानं केला, अशोक राणे यांनी. तेवढं एक समाधान.

विसर कसा पडला, याला कट वगैरे कारण नाही. ७८ च्या तबकडीवर जागा इवलीशी: गायक, संगीतकार, चित्रपट. रेडिओ निवेदक तेच वाचणार. वादकाला शिफ्टचे पैसे, व्हाउचरवर सही, संबंध संपला; रॉयल्टीचा प्रश्नच नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकारांचा हक्क घट्ट केला, गायकांनी आपली संस्था काढली, पण वाद्यवृंद लिहिणाऱ्याला त्यात नावानिशी जागा नाही. आणि हे लोक बोलायचे कोकणीत किंवा इंग्रजीत, राहायचे आपल्या वाड्यांत, मृत्यूची सूचना छापायची इंग्रजी पेपरात. हिंदी-मराठी सिनेपत्रकार त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. १९८० नंतर सिंथेसायझर आला, नंतर एकेक ट्रॅक वेगळा घ्यायची पद्धत आली, चाळीस व्हायोलिनांची गरज संपली. बरेच जण आखातातल्या हॉटेलांत किंवा जहाजांवर गेले, काहींनी बांद्र्यात मुलांना शिकवण्या धरल्या.

हल्ली उलटी तऱ्हा सुरू आहे. जुन्या प्रत्येक गाण्याखाली कुणीतरी ठोकून देतो, संयोजन सेबॅस्टियन यांचं, ट्रंपेट चिक यांचा. हेही श्रेयाची लूटच आहे. त्याच हॉलमध्ये पारशी होते: कावस आणि केर्सी लॉर्ड, अ‍ॅकॉर्डियनवर गुडी सीरवाई. नेपाळी घरातले मनोहारी सिंग होते, रामप्रसाद शर्मांसारखे उत्तरेतले होते, बंगाली होते, मराठी होते. शिवाय वादकांच्या आठवणी मी फार ऐकल्यात; एकेका गाजलेल्या तुकड्याला चार-चार मालक असतात आणि चौघंही खोटं बोलत नसतात, कारण तालमीला एक, टेकला दुसरा, आणि मंचावर पुढे वीस वर्षं तिसराच वाजवत असतो. श्रेयनामावली, त्या काळच्या दोन वेगळ्या वादकांची साक्ष आणि लिखित पार्ट, यांतल्या दोन गोष्टी जुळल्याशिवाय मी तरी नाव घालत नाही.

म्हणूनच तुमच्या ट्रंकेला मोल आहे. स्टुडिओतले पार्ट फारच थोडे उरलेत. काम झालं की कागद रद्दीत जात. तेव्हा आधी काहीही 'लावू' नका. गठ्ठे ज्या क्रमानं बांधलेले आहेत तसेच राहू द्या, तो क्रमच पुरावा असतो. प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांक देऊन, उघडल्यावर वरून खाली एकेक पान दिवसाच्या उजेडात मोबाइलनं टिपा, मागची बाजूसुद्धा. मागच्या बाजूला पुष्कळदा शिफ्टचा हिशेब, दुसऱ्या गाण्याचा खर्डा किंवा कुणाचा पत्ता सापडतो (पत्ते कुठे टाकू नका). वरच्या डाव्या कोपऱ्यात वाद्याचं नाव असेल, मध्ये गाण्याचा मुखडा रोमन लिपीत वेडावाकडा लिहिलेला, उजवीकडे संगीतकाराची आद्याक्षरं, क्वचित तारीख किंवा स्टुडिओ. पेन्सिलीच्या खुणा पुसू नका: अर्धा सूर वर, हा तुकडा काढला, इथे दोनदा, असं जे खरडलेलं असतं तेच रेकॉर्डिंगच्या सकाळी काय झालं ते सांगतं. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, पिना गंजल्या असतील तर हलक्या हातानं काढा. सपाट पुठ्ठ्याच्या खोक्यात, कोरड्या जागी, भिंतीपासून दूर ठेवा. मुंबईचा पावसाळा वाळवीपेक्षा वाईट.

एकट्या व्हायोलिनच्या पार्टवरून गाणं ओळखायला सुरुवातीला जड जाईल. मधल्या म्युझिकचे चार बार (उभ्या रेघांमधले तुकडे) पेटीवर वाजवून पाहा, मुखड्यापेक्षा ते लवकर ओळखू येतात. जिथे अडेल तिथे पानाचं छायाचित्र पाठवा, निदान कुणाचा हात आहे ते बघतो. आणि ज्यांच्या घरची ही ट्रंक आहे त्या कुटुंबाला विचारल्याशिवाय एकही पान कुणा संग्राहकाला देऊ नका, तो कितीही गोड बोलला तरी.